मोज्यातली सात अंजिरं

रविवारी सकाळी सव्वासात वाजता धाकटीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वर करून अंजिराच्या शेंड्याकडे बघितलं आणि मोजे मोजले. सहा निघाले. तिने पुन्हा मोजले. निळा, दोन राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा, पांढरा आणि अंगठ्याजवळ रफू केलेला काळा. तपकिरी कुठेच नव्हता. काल संध्याकाळी तो गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर लोंबत होता, तिने स्वतः चाचपून बघितला होता.

आता मोजे झाडावर काय करत होते, हे सांगायला हवं. धाकट्याला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, जोडीतला एक मोजा हरवायची जन्मजात देणगी होती. दिवसभर लोकांच्या इमारतींत लिफ्ट दुरुस्त करत फिरणारा हा माणूस, हजार सुट्या भागांचं यंत्र उघडून पुन्हा जोडायचा आणि एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. पण घरी त्याच्या कपाटात विधुर मोज्यांचं एक गाठोडंच साठलं होतं. त्यातले सात तिने गेल्या रविवारी उचलले, शेंड्यावरच्या सात अंजिरांना एकेक चढवले आणि देठाशी दोऱ्याने सैल बांधून टाकले. पाखरांपासून लपवायला, आणि खरं सांगायचं तर पाखरांपेक्षा घरातल्या माणसांपासून.

कारण या घरात अंजिरांचा कायदा होता, आणि तो अण्णांनी केलेला होता. अण्णा म्हणजे तिचे सासरे, वय वर्षं चौऱ्याऐंशी, साठ वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळजीच्या हाती झाड लागलं की त्याचं काय होतं हे बघायचं असेल तर या परसबागेत यावं. छाटणी झाली की दुसऱ्या दिवसापासून वहीत दिवस मोजायला सुरुवात. एकशे बत्तीसाव्या दिवशी, सकाळी ठीक दहा वाजता, झाडावरचं एकूण एक फळ उतरवायचं. फळ धरलं त्या पहिल्याच वर्षी पाखरांनी एका सकाळीत सगळं झाड साफ केलं होतं; तेव्हापासून अण्णांनी पाखरांच्या आठवडाभर आधी पोचायचं ठरवलं, आणि पुढची चाळीस वर्षं ते वेळेवर पोचत आले.

उतरवलेली अंजिरं मग बैठकीतल्या कपाटात जायची. अंजिरांसाठी अण्णांनी फार पूर्वीच दुकानातलं हे एक लाकडी कपाट घरी आणलं होतं. त्याला चाळीस छोटे खण, प्रत्येकाला मुगाएवढी पितळी मूठ. तीसेक खणांत अजून काटे, स्प्रिंगा आणि चक्रं होती, त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. बाकीचे खण माणसांचे. प्रत्येक खणावर अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर अण्णांनीच पाडलेलं नाव. थोरला मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा म्हणून 'मास्तर'. थोरली सून टपाल कचेरीत खिडकीवर बसायची, ती 'पोस्ट'. अण्णांची बहीण जन्मभर इस्पितळात नर्स होती, सगळे तिला आत्या म्हणत असले तरी चिठ्ठीवर ती 'सुई'. धाकटा 'लिफ्ट'. मास्तरांची सतरा वर्षांची मुलगी जन्मल्यापासून वाद घालत आली होती, ती 'वकील'. प्रत्येकाच्या खणात कापसावर एक अंजीर ठेवायचं, आठ दिवस पिकू द्यायचं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी जमून आपापला खण उघडून खायचं. उरलेली शेजारीपाजारी वाटायची. शेजारी त्यांचं काय करत, हे कुणी कधी विचारलं नाही.

त्या कपाटाला एक खण असा होता की त्यावरच्या चिठ्ठीत फक्त 'अगं' लिहिलेलं होतं. अण्णांनी बायकोला उभ्या संसारात दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती, मग चिठ्ठीवर तरी दुसरं काय लिहिणार? ती जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या खणात अजूनही दर वर्षी एक अंजीर ठेवलं जायचं, आणि खण उघडायच्या रविवारी अण्णा ते नेऊन झाडाच्या बुंध्याशी पुरायचे.

धाकटीला अजून खण नव्हता. अण्णा दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाला देत नसत, आठवडाभर खिळ्याला टांगून ते नीट चालतंय का बघत. त्याला ते निरखणीवर ठेवणं म्हणत. लग्न होऊन घरात आलेल्या माणसालाही हाच नियम. दोन वर्षं निरखणी, तिसऱ्या वर्षी खण. थोरलीने दोन वर्षं काढली होती, तिच्याआधी आत्याच्या नवऱ्यानेसुद्धा काढली होती. धाकटीची दोन वर्षं गेल्या महिन्यात पुरी झाली. गेल्या दोन्ही वर्षी त्या रविवारी सगळे आपापले खण उघडत असताना ती बशी हातात धरून उभी राहिली होती आणि तिला तिचं अंजीर उघड्या टोपलीतून मिळालं होतं. कुणी तिला परकं मानत नव्हतं, सगळे भरभरून प्रेम करत होते, हे तिला कळत होतं. तरी तो खण तिला हवा होता. इतका हवा होता की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

आणि नेमक्या याच वर्षी तिने अण्णांच्या तोंडावर खोटं बोलून ठेवलं होतं.

त्याचं झालं असं की गेल्या वर्षीच्या तोडणीत एक अंजीर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे राहून गेलं. दोन आठवड्यांनी धाकटी टाकीचं झाकण बघायला गेली तर ते मान टाकून लोंबत होतं, साल ठिकठिकाणी तडकलेली, खालच्या डोळ्याशी मधाचा एक थेंब. तिने ते उभ्या उभ्या तोंडात टाकलं आणि मग तिला तिथेच, टाकीच्या ओट्यावर बसावं लागलं. अंजीर असं लागतं? मग आपण घरात खातो ते काय असतं?

घरात खात होते ते चामडं होतं. केळं तोडल्यावर पिकतं, पपई पिकते; अंजीर पिकत नाही. ते नुसतं मऊ पडतं आणि सुरकुततं. ही साधी गोष्ट या घरात चाळीस वर्षं कुणाला कळली नव्हती, कारण घरचं झाड असताना बाजारातून अंजीर आणणं म्हणजे अण्णांचा पाणउतारा, तेव्हा विकतचं अंजीर कुणी कधी चाखलंच नव्हतं. दर वर्षी सगळे आपापलं अंजीर चावत, चावत आणि आणखी चावत, आणि मग कुणीतरी म्हणायचं, यंदा गोडी आहे. दुसरा म्हणायचा, गेल्या वर्षीपेक्षा बरीच. अण्णा मान डोलवायचे.

म्हणून यंदा, गच्चीवरून शेंडा उतरवायचं काम तिच्याकडे आलं तेव्हा, खालून अण्णांनी वर काही राहिलंय का असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "वर काही नाही."

"मोजे तुझेच ना गं?"

खिडकीशी उभी असलेली धाकटी दचकली. थोरली मागे उभी होती, हातात चहाचे दोन कप. तिने एक धाकटीच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी टेकली. तिने बुधवारीच बघितले होते म्हणे. कचेरीत रोज शेकडो पाकिटं हाताखालून जातात, आत काय आहे ते बाहेरून ओळखायची तिला सवय होती. मोज्यात पाय नाही एवढं तिला कळलं होतं.

धाकटीने सगळं सांगून टाकलं. टाकीमागचं अंजीर, खोटं, आणि आता नाहीसा झालेला तपकिरी मोजा. थोरली रागावेल असं तिला वाटलं होतं. गेले दोन महिने थोरलीच तिच्या खणासाठी झगडत होती. चार वर्षं मालकीण नसलेला 'अगं'चा खण धाकटीला द्या, असं तिने आत्याला तोंडावर सांगितलं होतं आणि त्यावरून दोघींत आठवडाभर रुसवा चालू होता. पण थोरली रागावली नाही. तिने चहाचा एक मोठा घोट घेतला आणि विचारलं, ते खरंच इतकं चांगलं लागतं का?

"वहिनी, तुम्हाला इथलं आवडतं ना?"

"अठरा वर्षं मी माझं अंजीर पर्समध्ये टाकते आणि सोमवारी कचेरीच्या कुंडीत पुरते," थोरली म्हणाली. "तिथली शेवंती बघ कशी तरारली आहे."

दोघी हसल्या, पण थोरलीचं हसू लवकर ओसरलं. तिने कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "आज मात्र गप्प राहा. त्यांच्या आयुष्यातल्या दोनच गोष्टी उरल्यात, ते कपाट आणि हे झाड. त्यांना सांगायचं की चाळीस वर्षं सगळं चुकलं? आणि तुला कळतंय का, अंजीर झाडावर पिकायला लागलं तर खण कशाला लागणार? तुझा खण तूच घालवून बसशील."

हे मात्र धाकटीच्या डोक्यात आलं नव्हतं. तिचा चहा निवला.

आत्या दहा वाजता आली ती परसातूनच ओरडत. या घरात लाजलज्जा राहिली आहे की नाही, मोजे झाडावर वाळत घालतात का, दोऱ्या तुटल्या का, असा तिचा पट्टा बागेच्या फाटकापासून बैठकीपर्यंत चालू होता. थोरली लगेच पुढे झाली आणि म्हणाली, वाऱ्याने उडाले असतील. सहाच्या सहा? आत्याने विचारलं. आणि देठाला गाठ मारून? नर्सच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. तेवढ्यात मास्तरांनी वाऱ्याच्या दिशा समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांना मोज्यांतलं काहीही माहीत नव्हतं, पण वारा हा त्यांचा विषय होता. आत्याने कानांवर हात ठेवले आणि विषय तिथे मिटला. धाकटीने जन्मात पहिल्यांदा भूगोलाचे आभार मानले.

अकराला सगळे बैठकीत जमले. आत्याची लेक आणि जावई आले, मास्तर गळपट्टा नीट करून खुर्चीत बसले, वकील खिडकीच्या कट्ट्यावर चढली. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून कपाटाशेजारी उभे राहिले, खिशात नेहमीचं भिंग. ते आज फार कमी बोलत होते. धाकटीला त्यांच्याकडे बघवेना.

प्रत्येकाने आपला खण उघडला. अंजिरं निघाली, सुरकुतलेली, फिकट हिरवी. धाकटीला टोपलीतलं मिळालं. चावणं सुरू झालं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे गोळीसारखं पाण्याबरोबर गिळलं. थोरलीची पर्स हळूच उघडून मिटली. मग आत्याचे जावई घसा खाकरून म्हणाले, यंदा गोडी आहे.

"गेल्या वर्षीपेक्षा बरीच," मास्तर म्हणाले.

अण्णांनी मान डोलवली नाही.

ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेवढ्यात आत्याने खणाचा विषय काढला. धाकटीची दोन वर्षं झाली आहेत, पोरगी गुणाची आहे, तेव्हा दादाने स्क्रूंचा एखादा खण रिकामा करून तिला द्यावा, असं तिचं म्हणणं पडलं. थोरली म्हणाली की स्क्रूंच्या खणाला तेलाचा वास मारतो, आणि एक खण चार वर्षं रिकामा असताना घरच्या सुनेने तेलकट खण का घ्यायचा?

"तो खण रिकामा नाही," आत्या म्हणाली.

धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तिला सांगावंसं वाटलं की मला नको खण, टोपली बरी आहे, पण ते तिने म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं.

अण्णा वळले. त्यांनी 'अगं'च्या खणाची मूठ दोन बोटांत धरली आणि खण ओढला.

आत नेहमीच्या अंजिराच्या जागी तपकिरी मोजा होता. गुबगुबीत, टाचेशी ओलसर, आणि बैठकभर असा वास पसरला की आत्याच्या जावयांनी न राहवून नाक वर केलं.

"हा मोजा कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"माझा," धाकटा म्हणाला. बिचाऱ्याला जोडीतला दुसरा सापडल्याचाच आनंद झाला होता. मग त्याची नजर बायकोच्या चेहऱ्यावर गेली, आणि लिफ्टवाल्याला बिघाड कुठे आहे ते कळलं.

"झाडावर तू बांधलास?"

"हो," धाकटा म्हणाला. "मीच. सहज, गंमत म्हणून."

थोरलीने धाकटीच्या दंडाला हळूच चिमटा काढला. गप्प राहा, असा तो चिमटा होता. आणि गप्प राहणं किती सोपं होतं! नवऱ्याने स्वतःवर घेतलंच होतं, त्याचा खण त्याच्याकडून कुणी काढून घेणार नव्हतं, तो जन्मापासून या घरचा. संध्याकाळपर्यंत हसण्यावारी गेलं असतं, आणि तिला तिची चिठ्ठी मिळाली असती. धाकटीने बशी खाली ठेवली.

"यांनी नाही, मी बांधला," ती म्हणाली. "गेल्या रविवारी वर काही नाही म्हणाले ते खोटं होतं, अण्णा. सात होती. मी मुद्दाम ठेवली. अंजीर झाडावरच पिकतं. खणात पिकत नाही."

आत्याच्या लेकीच्या हातातला चमचा बशीला लागून टिणकन वाजला. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून आपली वही काढली, अंगठा लावून ठेवलेलं पान उघडलं आणि चष्म्याखालून वाचलं. तोडणीच्या आदल्या दिवशी झाडावर अडुसष्ट. उतरली एकसष्ट. पाखरं, सात.

"मी लिहून टाकलं, पाखरं," अण्णा म्हणाले. "बुधवारी गच्चीवर गेलो तेव्हा कळलं, पाखरं मोजे घालत नाहीत."

वकीलला हसू आवरेना, तिने तोंडावर उशी धरली. अण्णांनी मोजा सोडला, अंजीर तळहातावर घेतलं, भिंग डोळ्याला लावून ते सगळ्या बाजूंनी बघितलं. मग घड्याळाची पाठ उघडायच्या बारीक सुरीने त्याची एक फोड काढली. आत लालभडक होतं. त्यांनी फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

ते चावत नव्हते. चावायला काही नव्हतंच. धाकटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. रोज चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी ती, मिटलेल्या पापण्यांखाली काय चाललंय हे मात्र तिला वाचता येईना. शेवटी त्यांच्या पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या तेव्हा तिला वाटलं, संपलं. चाळीस वर्षांचं सुख आपण एका मोज्याने पुसून टाकलं.

"तेच," अण्णा म्हणाले.

मग ते खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. ते नऊ वर्षांचे असताना शाळेसमोरच्या एका बागेची भिंत चढून त्यांनी एक अंजीर खाल्लं होतं, पायाला खरचटलं होतं, माळ्याने कान पिळला होता, आणि तरी ती चव कधी गेली नाही. लग्नानंतर बायकोला हे एकदा सांगितलं. त्यावर ती काही बोलली नाही, पण पुढे काही वर्षांनी दोन बस बदलून कुठेशी गेली आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली काडी घेऊन आली. तिसऱ्या वर्षीची पाखरांनी नेली, चौथ्या वर्षी खणातलं पहिलं अंजीर तिने त्यांच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, तेच का?

"मी म्हटलं, तेच. ते नव्हतं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, झाड वेगळ्या जातीचं निघालं. आता एवढी दोन बस बदलून आलेल्या बाईला कसं सांगायचं? आणि तिला तर ती अंजिरं इतकी आवडायची."

आत्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आधी सगळ्यांना वाटलं तिला ठसका लागला. मग कळलं की ती हसते आहे, आणि हसता हसता रडते आहे.

"रबर," आत्या म्हणाली. "दादा, वहिनी मला म्हणायची, रबर चावल्यासारखं लागतं गं. पण ह्यांना केवढं कौतुक, दिवस काय मोजतात, कापूस काय घालतात. बोलशील तर याद राख, म्हणाली होती. जाईपर्यंत तिने तोंड उघडू दिलं नाही मला."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. धाकटीला दिसलं की त्यांचे ओठ थरथरताहेत, आणि क्षणभर तिला भीती वाटली. पण मग त्यांचे खांदे हलू लागले, पोट हलू लागलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो शिस्तीचा माणूस खुर्चीचा हात बडवत असा हसला की वरच्या दातांची कवळी त्यांना हाताने धरावी लागली. तो बांध फुटल्यावर बाकीच्यांचे सुटायला किती वेळ? मास्तरांनी गोळीची गोष्ट कबूल केली. आत्याच्या जावयांनी सांगितलं की ते गेली वीस वर्षं गाडीच्या खिडकीतून टाकतात. थोरलीने पर्स उघडून पुरावाच टेबलावर ठेवला आणि अण्णांनी तिला दोनदा विचारून घेतलं, अठरा वर्षं? पर्समध्ये? वकील म्हणाली की हा सरळ सरळ सामूहिक कट आहे आणि मुख्य आरोपी आजी.

त्या गलक्यात धाकटी भिंतीशी उभी होती. तिला मनापासून आनंद झाला होता, तिचेही डोळे वाहत होते. पण थोरलीचं सकाळचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते तिला दिसत होतं. आता हे कपाट अंजिरांसाठी उघडणार नाही. पुढच्या वर्षी खण कुणालाच नाहीत. चालेल, तिने स्वतःला समजावलं. चालणारच ना.

"इकडे ये," अण्णा म्हणाले. ते कुणाला म्हणतात हे तिला आधी कळलं नाही.

त्यांनी 'अगं'चा खण पुरता बाहेर काढून मांडीवर घेतला होता. आतला कापूस त्यांनी चिमट्याने उचलला. खाली तळाशी एक चिठ्ठी होती, तेच मोत्यासारखं अक्षर, शाई जुनी झालेली. तिच्यावर अंजिराच्या चिकाचे दोन गोल डाग होते, एकात एक अडकलेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नजर'.

"तुमच्या लग्नाच्या आठवड्यातच लिहिली होती," अण्णा म्हणाले. "दुसरा खण मोकळा नव्हता, म्हणून हिच्यात ठेवली. ही काही नाही म्हणाली नसती. दोन वर्षं हिच्या खणात ठेवलेलं अंजीर दोघींचं होतं."

धाकटीला डाग दिसत होते. एक पहिल्या वर्षीचा, एक दुसऱ्या. ती टोपलीजवळ बशी घेऊन उभी असायची तेव्हा हे इथे होतं.

"मग मला सांगितलं का नाही?" तिने विचारलं.

"नियम होता ना," अण्णा ओशाळून म्हणाले.

आत्याने पदराने नाक पुसलं आणि जाहीर केलं की नियम करणाऱ्या माणसाला एकदा तपासून घेतलं पाहिजे. मग ती उठली आणि थोरलीच्या शेजारी जाऊन बसली, आणि थोरलीने तिला जागा करून दिली. आठवडाभराचा रुसवा तिथेच संपला.

अण्णांच्या तळहातावरचं उरलेलं अंजीर बैठकीत फिरलं, प्रत्येकाला नखाएवढा तुकडा. नंतर ज्याला त्याला आणखी हवं होतं. सगळे जिना चढून गच्चीवर गेले, अण्णा धाकटीचा हात धरून सगळ्यांत शेवटी. ओळखायचं कसं, अण्णांनी विचारलं, आणि तिने त्यांचं बोट धरून मोज्यावरून दाबून दाखवलं: मान झुकलेली हवी, अंग मऊ हवं, आणि देठाशी पांढरा चीक येता कामा नये. आणि सगळी एका दिवशी पिकत नाहीत, अण्णा. रोज यावं लागतं, रोज एक-दोन. अण्णांनी वहीत लिहून घेतलं. एकशे बत्तीस खोडताना त्यांचा हात जरा घुटमळला, पण त्यांनी खोडलं.

निळा सोडला, राखाडी सोडले, पट्ट्यांचा आणि पांढरा सोडला. पाच अंजिरं हातोहात संपली. मास्तरांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि ते पुसत नव्हते. थोरली डोळे मिटून कठड्याला टेकली होती. धाकटा पुढच्या वर्षासाठी मोजे कमी पडतील म्हणून घाबरला होता, त्याला सगळ्यांनी धीर दिला की तू मनात आणलंस तर सहज जमेल.

राहिला रफू केलेला काळा. वकीलने हात घातला तेव्हा अण्णांनी तिला थांबवलं. त्यांनी स्वतः गाठ सोडली, मोजा उतरवला, घडी करून धाकट्याच्या हातात दिला. अंजीर तडकलेलं होतं, मधाचा थेंब खाली ओघळायच्या बेतात. अण्णांनी ते तोडलं नाही. खिशातून 'अगं'ची, खणावरून सोडवून आणलेली चिठ्ठी काढली आणि मोज्याच्याच दोऱ्याने ती त्या फांदीला बांधली.

"हिचं राहू दे," ते म्हणाले.

"पण पाखरं खातील, आजोबा," वकील म्हणाली.

खाली जेवणाची वेळ झाली होती, पुढे उतरलेली आत्या सगळ्यांना हाका मारत होती. धाकटी आणि अण्णा जिन्याच्या दारापर्यंत आले असतील नसतील, तोच मागे पंख फडफडले. दोघं वळले. एक छोटंसं तपकिरी पाखरू फांदीवर बसलं होतं, आधी चिठ्ठीकडे मान वाकडी करून बघितलं त्याने, आणि मग अंजिरात चोच घातली.

अण्णांनी त्याला हुसकावलं नाही. त्यांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण धाकटीच्या हातात दिलं, आणि आजच्या तारखेखाली नीट, सावकाश लिहिलं: पाखरं, एक.